बाबांना एकदा वाघ पाहायचा आहे : टिपेश्वर करू की ताडोबा?

पऱ्हाटीवाला, घाटंजी तालुका

नमस्कार मंडळी. मी घाटंजी तालुक्यातला शेतकरी, साडेसात एकर कोरडवाहू. टिपेश्वरचं जंगल आमच्यापासून फार लांब नाही. वाघ आमच्या भागात येतो-जातो हे गावातल्या लेकरालाही माहीत आहे.

बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. तीन वर्षांमागं, पोळा आठ दिवसांवर आला असताना, वाघानं आमचा गोऱ्हा नाल्याच्या काठावर मारला. त्या गोऱ्ह्याची माय विताना गेली होती. बाबांनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, बाबांच्या आवाजावर तो गोठ्यातून हंबरायचा. पंचनामा झाला, नुकसानभरपाई मिळाली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तेव्हापासून बाबा एकच म्हणून राह्यले : "ज्यानं माझा गोऱ्हा नेला त्याचं तोंड तरी एकदा पाहू दे."

बाबांनी जन्मभर वाघाचे पंजे पाहिले. ओल्या धुऱ्यावर उमटलेले, पऱ्हाटीच्या (कापसाच्या) ओळींमधून सरळ गेलेले. जागलीला असताना रात्री आवाज ऐकला. वाघ मात्र एकदाही पाहिला नाही.

हरभरा निघाला, तूर विकून झाली. आता मृगापर्यंत हात मोकळे आहेत, म्हणून यंदा त्यांना न्यायचंच असं ठरवलं आहे. आम्ही पाच जण : आई, बाबा, मी, बायको आणि सहावीतली मुलगी. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. चालतात, पण उंच पायरी चढणं जड जाते.

माझा विचार असा होता की एक दिवस टिपेश्वर, एक दिवस ताडोबा, मग वरच्या वर नागपूरकडून पेंच. चार दिवसांत तीन जंगलं. जमेल का? मागच्या वर्षी एका एजंटाला फोनवरून पैसे पाठवले होते. त्यानं गेटवर या म्हणून सांगितलं, आम्ही पहाटे पोहोचलो तर आमच्या नावावर काहीच नव्हतं. बाबा गाडीत दोन तास बसून होते, काही बोलले नाहीत. तसं पुन्हा व्हायला नको. जाणत्यांनी मार्गदर्शन करावं.

मोहर्लीचा गाईड

भाऊ, मी ताडोब्यात सोळा वर्षांपासून गाईड आहे. तुमचं लिहिणं दुपारी वाचलं. आत्ता फेरीवरून आलो, आंघोळ केली आणि लिहायला बसलो.

पहिली गोष्ट, तीन जंगलं करू नका. एकच जंगल धरा, एकाच भागात दोन मुक्काम करा आणि तीन फेऱ्या घ्या. नवीन माणसाला वाटते जागा बदलली की नशीब बदलते. तसं नाही. जंगलात काल काय झालं हे माहीत असलं की आजची फेरी कामाची होते. काल संध्याकाळी वाघीण कोणत्या पाणवठ्यावर होती, सकाळी पंजे कोणत्या रस्त्यावर होते, कुठं शिकार पडली आहे, हे धागे आम्ही जोडत असतो. तुम्ही दुसऱ्या दिवशी पेंचला गेला की तो धागा तुटला, तिथं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पेंच चांगलंच जंगल आहे, सिल्लारी गेटकडचा साग पाहून जीव निवतो. रात्रीच्या अंधारासाठी त्याला २०२४ साली देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तुमच्या मुलीला तारे दाखवायला पुढं कधी तिकडं न्या. पण या खेपेला नको.

विदर्भात पाच व्याघ्र प्रकल्प आहेत : मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर. तुमचं टिपेश्वर व्याघ्र प्रकल्प नाही, अभयारण्य आहे. सुमारे १४८ चौरस किलोमीटर, म्हणजे लहान. पण लहान म्हणून कमी समजू नका. घराजवळ आहे, बाबांचा वाघ बहुतेक त्याच जंगलातला. सुन्ना गेटहून एक सकाळ जरूर करा, मग पांढरकवडा, वणी, चंद्रपूर अशी वाट धरून ताडोब्याला या.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं. अंधारी अभयारण्य १९८६ चं आणि दोन्ही मिळून १९९५ ला व्याघ्र प्रकल्प. तलावाकाठी तारूदेवाचं ठाणं आहे. गोंड लोक सांगतात, तारू हा गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना गेला आणि देव झाला. ताडोबा हे नाव त्याचंच. बाबांना हे आधी सांगून ठेवा. वाघानं ज्याचं काही नेलं त्या माणसाला या जंगलात परकं वाटायला नको.

आता बुकिंग. एजंट नको. वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः करा, तालुक्याच्या ठिकाणी कोणत्याही ऑनलाइन सेंटरवर करून मिळते. प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर भरावा लागतो आणि गेटवर तेच ओळखपत्र मूळ स्वरूपात दाखवावं लागते. आईचं आधार कार्ड घरी राहिलं म्हणून परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असते. शनिवार-रविवारी दर जास्त आणि गर्दीही जास्त, म्हणून बुधवार-गुरुवार धरा. एका जिप्सीत, म्हणजे उघड्या जीपमध्ये, सहा पर्यटक बसतात, तुम्ही पाच आहात, म्हणजे पूर्ण गाडी घेतली तर बाबांना पाय लांब करता येईल.

कोअरच पाहिजे असा हट्ट धरू नका. मोहर्लीजवळ आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफरची, म्हणजे गाभ्याभोवतीच्या बाहेरच्या पट्ट्याची, गेटं आहेत, कोलाऱ्याकडंही आहेत. वाघाला कोअर-बफरची रेघ माहीत नाही. उन्हाळ्यात पाणी जिथं, तो तिथं. बफरमध्ये खर्च कमी येतो आणि त्या पैशातला वाटा गावाच्या कामाला लागतो.

बाबांना मधल्या सीटवर बसवा. मागची सीट उंच असते, दिसते छान, पण खड्ड्यात सगळ्यांत जास्त तीच उसळते, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला ते सोसणार नाही. चढताना ड्रायव्हरला सांगा, तो स्टूल लावतो. डोक्याला दुपट्टा बांधूनच निघायचं. चंद्रपूरचा मे महिना पंचेचाळीसच्या पुढं जातो आणि दुपारची फेरी तीनच्या सुमारास निघते, तेव्हा जिप्सीची लोखंडी दांडी हाताला चटका देते. लाल-पांढरे कपडे नकोत, मातकट रंग चालतो. मोबाईल कोअरच्या आत नेता येत नाही, त्याची तयारी ठेवा.

आणि जंगल ऐका. वानर उंच झाडावरून खोकल्यासारखं ओरडते. चितळ ओरडलं तर लगेच वाघ समजू नका, ते बिबट्यालाही ओरडते आणि रानकुत्र्यांनाही. सांबर मात्र उगीच ओरडत नाही. सांबराचा ढांक असा आवाज आला, शेपूट वर गेली, पुढचा पाय आपटला की आम्ही गाडी बंद करतो. मग कुणी एक शब्द बोलायचा नाही. वाळल्या पानांवर वाघाचं पाऊल वाजते, पण फार हलकं.

नवखा माणूस पिवळा रंग शोधतो. उन्हाळ्यात अख्खं जंगल पिवळं असते, भाऊ. बांबूच्या वाळक्या काड्या, गवत, सागाची पानं, सगळं वाघाच्या रंगाचं. तुम्ही कानामागचा पांढरा ठिपका शोधा. वाघाच्या दोन्ही कानांच्या मागं एकेक पांढरा ठिपका असतो. सावलीत बाकी काही दिसत नाही, तो ठिपका हलताना दिसतो.

पऱ्हाटीवाला

भाऊ, तुमचं लिहिणं बाबांना वाचून दाखवलं. मधली सीट, स्टूल, सगळं वहीत उतरवून घेतलं. पेंच रद्द. एजंटही रद्द, घाटंजीच्या सेंटरवर उद्या जातो.

बाबांचा एक प्रश्न आहे, त्यांच्याच शब्दांत लिहितो : "त्या गाईडच्या गावची जनावरं जातात का? मग तो लोकाईले वाघ कसा दाखवते?" राग म्हणून नाही विचारलं, त्यांना खरंच समजून घ्यायचं आहे.

मोहर्लीचा गाईड

बाबांना माझा नमस्कार सांगा. उत्तर मी रात्रभर मनात घोळवलं.

हो, जातात. माझ्या काकाची दुभती म्हैस गेली. गावातली एक बाई गेली, मोहफुलं वेचायला पहाटे गेली होती. मोहाच्या दिवसांत बाया अंधारात निघतात, कारण ऊन चढलं की फुलं सुकतात आणि जनावरंही खातात. वेचताना माणूस वाकलेलं असते, वाकलेलं माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटते. त्याच्यापाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, तेव्हाही तसंच. त्या घरी मी जाऊन आलो आहे. त्या लेकरांसमोर वाघाचं कौतुक मी करू शकत नाही आणि करतही नाही.

पण माझं घर या वाघावर चालते. माझ्या बापानं रोजगार हमीवर माती उचलली. माझी पोरगी आज चंद्रपूरला नर्सिंग शिकून राहिली. आमच्याकडं आता बायाही गाईड आहेत, जिप्सी चालवतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी दोन्ही सोबत घेऊनच रोज गेटवर जातो. याच्यापेक्षा वेगळं उत्तर माझ्यापाशी नाही, बाबा.

एक विनंती सगळ्यांनाच. बफरच्या रस्त्यावर टोपली घेतलेल्या बाया दिसल्या तर गाडी थांबवून फोटो काढू नका. त्या पोटासाठी आलेल्या असतात, जिवावर उदार होऊन. हात जोडा आणि पुढं जा.

नागझिऱ्याची लेक

मी साकोलीकडची, पिटेझरीजवळच्या शाळेत शिकवते. गाईडदादा, तुमचं उत्तर मी माझ्या आईला वाचून दाखवलं. ती पदरानं डोळे पुसत राहिली, तिनंही चाळीस वर्षं मोहफुलं वेचली.

पऱ्हाटीवाले दादा, ताडोबाच करा, बाबांच्या इच्छेसाठी तेच योग्य. पण मुलगी सहावीत आहे म्हणालात, म्हणून लिहिते. तिला एकदा नागझिऱ्याला आणा. १९७० पासूनचं अभयारण्य आहे, नवेगावसह २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. पिटेझरीचं गेट आमच्या बाजूचं. नागझिऱ्याच्या तळ्याकाठी सकाळी नुसतं बसलं तरी डोळे भरतात. रानगव्यांचा कळप पाण्यावर येतो, काळेभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. आणि रानकुत्रे! आमच्या शाळेच्या पोरांना घेऊन गेले होते तेव्हा आठ-दहांचं टोळकं रस्त्यावर खेळत होतं, एकमेकांच्या अंगावर उड्या मारत. ते भुंकत नाहीत, शीळ घालतात. पोरांना हे पुस्तकात वाचून पटलं नव्हतं, कानांनी ऐकल्यावर पटलं.

वाघ आमच्याकडं ताडोब्यापेक्षा कमी दिसतात. २०२३ च्या मे महिन्यात बाहेरून दोन वाघिणी आणून इथं सोडल्या, इथली संख्या वाढावी म्हणून. ज्याचं नाव तुम्ही ऐकलंच असेल तो जय वाघही आमचाच. नागझिऱ्यातून निघाला, वैनगंगा ओलांडून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गेला आणि तिथं राज्य केलं. २०१६ नंतर तो कुणालाच दिसला नाही. पोरं अजून विचारतात, बाई, जय कुठं गेला? माझ्यापाशी उत्तर नसते.

येताना नवेगावबांधचं तळंही दाखवा. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेलं म्हणतात. आमच्या कोहळी लोकांनी या भागात किती तळी बांधली! हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात. शेतकऱ्याच्या लेकीनं ते बांधकाम पाहिलं पाहिजे.

परतवाड्याहून

मेळघाटचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊमधलं हे एक. पण एका फेरीत वाघ दिसावा अशी आशा धरून इकडं येऊ नका. डोंगर-दऱ्या आहेत, जंगल अफाट आहे, वाघ आहेत पण लपलेले. सेमाडोह, कोलकास, सिपना नदीचं पात्र, कोरकू आदिवासींची गावं, रानपिंगळा नावाचं दुर्मीळ घुबड यांच्यासाठी या. बाबांच्या गुडघ्याला घाटाची वळणं त्रास देतील, म्हणून यंदा नकोच.

खामगावकर

दादा, तुमच्या टिपेश्वरचा एक वाघ आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला होता. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून सगळा रस्ता कळला. २०१९ मध्ये निघाला आणि पाच महिन्यांत जवळपास १३०० किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यात पोहोचला. शेतातून, नाल्यातून, माणसांच्या वस्त्यांच्या कडेनं, बहुतेक रात्री. त्या हंगामात पऱ्हाटी कमरेएवढी होती, तिच्या आडोशानंच तो आला असणार. किती शेतकरी त्या रात्री जागलीला असतील आणि पऱ्हाटीच्या दहा ओळींपलीकडून वाघ गेलेला त्यांना कळलाही नसेल. बाबांना हे सांगा.

पऱ्हाटीवाला

मंडळी, जाऊन आलो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. सगळ्यांचे आभार मानायचे म्हणून आणि बाबांनी "त्याईले कळव" म्हटलं म्हणून सविस्तर लिहितो.

टिपेश्वरला सुन्ना गेटहून सकाळची फेरी केली. वाघ नाही. पंजे मात्र ताजे, धुळीत बोटांच्या गाद्या वेगवेगळ्या उमटलेल्या, वरून एकाही गाडीचं चाक गेलेलं नव्हतं. बाबा गाडीतूनच वाकून म्हणाले, "नर नाही हा, मादी आहे, लांबट आहे पंजा." गाईडनं मान डोलावली.

मग मोहर्ली. पहिल्या संध्याकाळी बफरमध्ये अस्वल दिसलं, वारुळ उकरत होतं, मातीचा फवारा उडत होता. मुलगी त्याच्यावरच खूश. दुसऱ्या सकाळी कोअर : तलाव पाहिला, काठाच्या चिखलावर मगर तोंड उघडं ठेवून पडलेली, तारूदेवाला बाबांनी गाडीतून हात जोडले. वाटेत कढईचं झाड दाखवलं, पांढरंफटक, पानं नाहीत, गाईड त्याला भुताचं झाड म्हणतात. वाघ नाही. आईनं परत येताना बाबांच्या पाठीवर हात ठेवला, एवढंच.

तिसरी फेरी पुन्हा बफरची, दुपारची. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. एका पाणवठ्याशी, जिथं सोलरच्या पंपानं पाणी सोडतात, ड्रायव्हरनं गाडी सावलीला लावली. पाऊण तास झाला. मोर आला, पाणी पिऊन गेला. मग पलीकडून सांबर ओरडलं. तुम्ही लिहिलं होतं तसंच, ढांक.

आम्ही सगळे आवाजाच्या बाजूला पाहत होतो. बाबा उलट्या बाजूला, बांबूच्या रांजीकडं पाहत होते. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि फक्त बोट दाखवलं. मला काही दिसलं नाही. गाईडलाही आधी दिसलं नाही. मग तो पांढरा ठिपका हलला.

वाघीण होती. सरळ पाण्याशी आली, आमच्याकडं एकदा पाहिलं, मग वळली आणि मागच्या पायांनी उलटी पाण्यात उतरली, मानेपर्यंत बसली. वीस मिनिटं बसून होती. पाण्यावरचे किडे तिच्या नाकाशी घोंगावत होते, ती डोळे मिटायची, उघडायची. मुलीनं श्वाससुद्धा आवाज न करता घेतला. मी बाबांकडं पाहिलं तर त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते.

ती उठून बाहेर आली, अंग झटकलं आणि आमच्यासमोरून आडवी गेली. तेव्हा बाबा अगदी हळू आवाजात बोलले : "हिले पिल्लं हायेत. थानं भरली हायेत पाहा." गाईड वळून त्यांच्याकडं पाहतच राहिला. म्हणाला, "बरोबर आहे बाबा. दोन आहेत. महिनाभरापूर्वीच दिसले." बाबांनी जन्मभर गाई पाहिल्या, त्यांना ते पहिल्यांदा दिसलं.

गेटपर्यंत ते काही बोलले नाहीत. उतरताना स्टूलवर पाय ठेवून थांबले आणि गाईडला विचारलं, "दोन पिल्लाईच्या मायले किती दिसाले एक शिकार लागते?" तो म्हणाला, आठवड्यातून एक तरी मोठी लागतेच, पिल्लं खायला लागली की जास्त. बाबांनी नुसतं "हं" केलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या रात्री मोहर्लीत तुम्हाला भेटता आलं, भाऊ, बाबा तुमच्याशी दोन तास बोलत बसले, ते सगळं तुम्हाला माहीतच आहे. इथं बाकीच्यांसाठी एवढंच सांगतो की ते दोघं वाघाबद्दल कमी आणि म्हशीबद्दल, गोऱ्ह्याबद्दलच जास्त बोलले.

आता पेरणीची तयारी. पावसाळ्यात कोअर बंद राहते, ऑक्टोबरला उघडते. दिवाळीनंतर कापसाची पहिली वेचणी झाली की मुलीला नागझिऱ्याला आणायचं आहे, तिनं रानकुत्र्यांची शीळ ऐकायचा हट्ट धरला आहे आणि बाबाही सोबत येतो म्हणाले. ताई, पिटेझरी गेटजवळ म्हाताऱ्या माणसांना चालेल अशी खालच्या मजल्यावरची राहायची सोय आहे का, तेवढं सांगा.